शतकांची वही

आमच्या घरी सध्या एका वहीला फार मान आहे. दोनशे पानी लाँगबुक, वर खाकी कव्हर, कोपऱ्यावर डाळीच्या आमटीचा एक डाग. कव्हरवर स्केचपेनने लिहिलं आहे, ‘शतकांची वही. विचारल्याशिवाय हात लावू नये.’ वहीची मालकीण अकरा वर्षांची आहे आणि ती माझी नात आहे. नात्यातल्या मंडळींना माहीत आहेच, पण इतर वाचकांसाठी सांगते. ती गेली दोन वर्षं शाळेत जात नाही. घरीच शिकते.

आता मी कोण? उभा जन्म शाळेत काढलेली बाई. पस्तीस वर्षं खडूची पूड खाल्ली, हजारो पेपर तपासले. इतिहास हा माझा विषय, बी.ए.लाही तोच होता. तेव्हा मुलगा आणि सून जेव्हा म्हणाले की हिला शाळेतून काढतो, तेव्हा घरात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. ‘शाळा म्हणजे काय फक्त पुस्तकं असतात का? चार मुलांत भांडणं, डबा वाटून खाणं, बाईंचा ओरडा, हे कुठून देणार तुम्ही?’ सून शांतपणे म्हणाली, “आई, तुमचं खरं आहे. पण ती रोज सकाळी पोट धरून बसते आणि डबा तसाच परत आणते. तो डबा तुम्हीच धुता ना?” मी गप्प बसले. डबा मीच धूत होते.

मग वाटण्या झाल्या. गणित आणि विज्ञान आईबाबांकडे, मराठी आणि इतिहास आजीकडे. मुलगा म्हणाला, “आई, तुला काय, डोळे मिटून शिकवशील.” तेच तर चुकलं!

पहिल्या दिवशी मी माझी जुनी टिपणवही काढली. नोकरीच्या पहिल्या वर्षी तयार केलेली, मग वर्षानुवर्षं तीच वापरलेली. टेबलाशी तिला बसवलं आणि सांगायला लागले, ‘लिही. कारणे. एक...’ ती लिहीत गेली. दहा मिनिटांनी पेन खाली ठेवून विचारते, “आजी, हे कोणी पाहिलं?”

“काय कोणी पाहिलं?”

“हे तू सांगतेयस ते. तू तर तेव्हा नव्हतीस.”

वर्गात साठ मुलं असताना हा प्रश्न मला फारसा कोणी विचारला नाही. किंवा विचारला असेल आणि मी ‘पुढे चला’ म्हटलं असेल. घरात एकच मूल समोर असलं की पुढे चला म्हणता येत नाही. पुढे जाणार कोण? आपण दोघीच!

त्या आठवड्यात सुनेने मला शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेबद्दल वाचायला दिलं. या बाई १८४२ च्या, १९२३ मध्ये वारल्या. घरी शिकणाऱ्या मुलांचा त्यांनी आयुष्यभर विचार केला. त्यांची रीत अगदी साधी होती. चांगलं पुस्तक घ्यायचं, थोडंच वाचायचं, एकदाच वाचायचं, मग पुस्तक मिटायचं आणि मुलाने ते आपल्या शब्दांत सांगायचं. मध्ये प्रश्न नाहीत, रिकाम्या जागा भरा नाही, जोड्या लावा नाही. शिवाय प्रत्येक मुलाची एक शतकांची वही. एका शतकाला समोरासमोरची दोन पानं. जे वाचलं, जे पाहिलं, ते त्या त्या शतकात लिहायचं किंवा चित्र काढायचं. ही वही एका वर्षात संपवायची नसते, ती मुलाबरोबर वाढते.

मला आधी वाटलं, हे साहेबाचं फॅड आहे. मग आठवलं, आमच्या लहानपणी आजी देवळातून कीर्तन ऐकून यायची आणि घरी आल्यावर सगळं आख्यान आम्हाला पुन्हा सांगायची, बुवांच्या हातवाऱ्यांसकट. तिला लिहिता येत नव्हतं, पण तिचं एकही आख्यान विसरलेलं मला आठवत नाही. ऐकून सांगणं ही रीत आपल्याकडे होतीच, शाळेत मात्र आम्ही तिच्या जागी ऐकून उतरवणं आणलं.

तर वही सुरू झाली. माझी भर त्यात एवढीच की डाव्या पानावर तीन रकाने आखायला लावले. काय झालं, कोण सांगतं, आणि त्याला ते कसं माहीत. हे तिच्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचंच उत्तर होतं, दुसरं काही नाही. उजवं पान तिचं, चित्रांना.

पहिली मजा आली ती कोऱ्या पानांची. सतराव्या शतकाची पानं महिन्याभरात भरली, वर चिकटवलेल्या कागदांची घडी बाहेर लोंबायला लागली. अठरावंही भरत आलं. आणि आठवं, नववं, दहावं, अकरावं? सगळी कोरी. ती म्हणाली, “तेव्हा लोक झोपले होते का?” मला हसू आलं आणि मग आलं नाही. कारण लोक झोपले नव्हते, मी त्या शतकांवरून गाडी जोरात नेत असे. परीक्षेत त्यांना गुण कमी!

मग आम्ही मागे गेलो. आठव्या शतकात वेरूळचं कैलास लेणं आलं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, एका अखंड डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं. उजव्या पानावर तिने डोंगर काढला आणि त्यात वरून उतरणारे छिन्नीवाले. अकराव्या शतकात अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख आला. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. तो शके ९३४ चा मानतात. तिथे मी तिला शकाचा इसवी सन कसा काढायचा ते शिकवलं. अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. ९३४ अधिक ७८, म्हणजे १०१२. तिला हा हिशेब इतका आवडला की दोन दिवस ती घरातल्या प्रत्येक माणसाचा जन्म शकात सांगत होती. वाचकहो, हा अठ्ठ्याहत्तरचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या शतकासाठी आम्ही कार्ल्याला गेलो. चैत्यगृहातल्या खांबांवर ब्राह्मी लिपीत देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. त्यातले कितीतरी धेनुकाकट नावाच्या गावचे, आणि त्यातले काही स्वतःला ‘यवन’ म्हणवणारे. म्हणजे परदेशातून आलेला माणूस इथे राहिला आणि त्याने बौद्ध लेण्याला एक खांब दिला. नात खांबाला हात लावणार, तेवढ्यात मी ओरडले. ती म्हणाली, “आजी, तिसरा रकाना सोपा आहे. ज्याने खांब दिला तोच सांगतोय.” बरोबर होतं. असा साक्षीदार फार क्वचित मिळतो.

परत येताना कामशेत लागलं. तिथे मी गाडी थांबवायला लावली आणि चहा पिता पिता तिला एका मास्तरांची गोष्ट सांगितली. ती इथेही सांगते, कारण या सगळ्याचा धागा तिथे आहे.

गोविंद सखाराम सरदेसाई. १८६५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावी जन्म. १८८९ मध्ये ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत लागले, वाचक म्हणून. महाराजांना पुस्तकं वाचून दाखवायची. पुढे राजपुत्रांना शिकवण्याचं कामही त्यांच्याकडे आलं. राजवाड्यातली मुलं, म्हणजे एका परीने घरीच शिकणारी मुलं. त्यांना इतिहास शिकवायचा तर मराठीत धड पुस्तक नाही. मग सरदेसाई वाचत गेले आणि टिपणं काढत गेले. वाचायचं, टिपायचं, सांगायचं. या टिपणांतून १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ निघाली, १९०२ पासून ‘मराठी रियासत’ निघू लागली, आणि बडोद्याच्या नोकरीतला हा शिक्षक साऱ्या महाराष्ट्राचा ‘रियासतकार’ झाला.

ज्या महाराजांच्या नोकरीत हे झालं, त्यांचं स्वतःचं शिक्षणही असंच. सयाजीराव नाशिककडच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळखही नव्हती. मग इलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली शिक्षण झालं. बाराव्या वर्षी ‘अ’ गिरवणाऱ्या या मुलाने पुढे १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदा संस्थानात लागू केला. ज्याच्यासाठी राजवाड्यात स्वतंत्र शिक्षक होता, त्याने गावोगावच्या मुलांसाठी शाळा उघडल्या! हे मी मुद्दाम सांगते आहे. त्याकडे पुढे येईन.

पण कामशेतला गाडी थांबवली ती सरदेसायांच्या उत्तरायुष्यासाठी. १९२५ मध्ये बडोद्याची नोकरी संपवून ते कामशेतला राहायला आले. वय साठ. आपल्याकडे या वयात माणूस निवांत होतो. पण पुढे त्यांच्याकडे पेशवे दप्तराचं काम आलं. पुण्याच्या दप्तरातले ते रुमालच्या रुमाल पाहून त्यांनी निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून काढले. त्या कागदांत त्यांच्याच रियासतीला धक्का देणारंही निघणार हे उघड होतं. त्यांनी आपले जुने खंड पुन्हा हाती घेतले, सुधारले, वाढवले. आणि ऐंशी वर्षांचे झाल्यावर मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत नव्याने लिहिला. १९५९ मध्ये कामशेतलाच ते वारले.

नातीने विचारलं, “म्हणजे त्यांनी आपलीच वही खोडली?”

म्हटलं, “हो. आणि पुन्हा लिहिली.”

“तुझ्या वहीत खोडलेलं काहीच नाही,” ती म्हणाली. लहान मुलं टोचायचं म्हणून टोचत नाहीत, त्यामुळे जास्त टोचतं. माझी टिपणवही खरोखरच स्वच्छ होती. त्या स्वच्छतेचा मला अभिमान होता.

दुसरं एक उदाहरण तिला मी सांगितलं ते पंडित नेहरूंचं. इंदिरा दहा वर्षांची होती तेव्हा, १९२८ च्या उन्हाळ्यात, त्यांनी तिला पृथ्वी कशी झाली, माणूस कसा आला, अशी तीस पत्रं लिहिली. पुढे १९३० ते १९३३ या काळात, बहुतेक तुरुंगातून, जगाच्या इतिहासावर १९६ पत्रं लिहिली. तुरुंगात ग्रंथालय कुठलं? हाताशी होत्या त्या वाचता वाचता स्वतः काढलेल्या टिपणांच्या वह्या. नात म्हणाली, “म्हणजे त्यांच्या आठवणीत चूक असू शकते.” असू शकते. पण वडील मुलीला लिहिताना सगळं माहीत असल्याचा आव आणत नाहीत, हे त्या पत्रांचं मोल आहे असं मला वाटतं.

आता त्या प्रसंगाकडे येते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

सतराव्या शतकाच्या पानावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक आधीच लिहून झाला होता. ६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. तिने ७८ मिळवून पाहिले, जुळलं. कोण सांगतं या रकान्यात दोन नावं होती. एक हेन्री ऑक्झिंडेन, ईस्ट इंडिया कंपनीचा वकील, जो तहाच्या कामासाठी रायगडावर हजर होता. दुसरा कृष्णाजी अनंत सभासद, ज्याने सुमारे वीस वर्षांनी, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली. तिसऱ्या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘ऑक्झिंडेन पाहुणा, त्याला सगळं नवीन. सभासद घरचा, त्याला सगळं प्रेमाचं. सिंहासन बत्तीस मण सोन्याचं असं सभासद म्हणतो. एक मण म्हणजे किती ते आधी बघायचं.’ मी तो रकाना वाचून चकित झाले होते. मण प्रांतोप्रांती वेगळा, हे तिला कोणी सांगितलंही नव्हतं.

मग जन्माची नोंद करायची वेळ आली. तिला मी जेधे शकावलीबद्दल सांगितलं. भोरजवळच्या कारी गावचे जेधे देशमुख. त्यांच्या घराण्यातली ही शकावली, म्हणजे कुठल्या शकात, कुठल्या तिथीला काय घडलं याची कोरडी यादी. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी ती उजेडात आणली. त्यात महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा दिला आहे. तिने लगेच बेरीज केली. १५५१ अधिक ७८. “सोळाशे एकोणतीस!” आणि मग कॅलेंडरवरच्या शिवजयंतीच्या माहितीशी ताडून पाहिलं. “आजी, इथे तर १६३० आहे. कोणीतरी चुकलंय.”

मला फार आनंद झाला. कारण यात शिकवण्यासारखं होतं. शक चैत्रात सुरू होतो. फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना, तो येतो तेव्हा इंग्रजी वर्ष बदलून गेलेलं असतं. म्हणून तिथे ७८ नाही, ७९. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आणि ही तारीखसुद्धा जुन्या ज्युलियन पंचांगाची. आजच्या ग्रेगोरियन पंचांगाने तो दिवस १ मार्च येतो. पोर्तुगालने नवीन पंचांग १५८२ मध्येच घेतलं, इंग्रजांनी १७५२ मध्ये. त्यामुळे शिवकाळात एकाच दिवशी गोव्याच्या पत्रावर एक तारीख आणि सुरतेच्या वखारीतल्या पत्रावर दहा दिवस मागची! ती हे ऐकून टाळ्या पिटत होती.

मग ती म्हणाली, “थांब, तुझ्या वहीत काय आहे बघू.” आणि तिने माझी ती स्वच्छ टिपणवही उघडली.

तिथे माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘जन्म : १६२७.’ खाली लाल रेघ.

खरं म्हणजे त्यात नवल नाही. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी नंतरच्या काळातल्या बखरींत आहे, आणि माझ्या लहानपणी आम्ही तीच शिकलो. १५४९ अधिक ७८, १६२७. शिवजयंती तेव्हा वैशाखातच होत असे. जेधे शकावलीबरोबरच महाराजांच्या हयातीतलं, कवींद्र परमानंदाचं संस्कृत शिवभारत हेही १५५१ चा फाल्गुनच सांगतं. तरी अभ्यासकांत वाद पुष्कळ वर्षं चालला. एकविसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. तेव्हा १९७० च्या दशकात एखाद्या बाईंच्या वहीत १६२७ असणं हा काही गुन्हा नव्हे.

पण मला ती वही पाहून वेगळंच आठवलं. आणि ते आठवताच मला हातपाय गार पडल्यासारखं झालं.

१९७८ चं साल. सहामाही परीक्षा. एका मुलाने उत्तरात १६३० लिहिलं होतं. मी त्याला फुली मारली आणि अर्धा गुण कापला. पेपर वाटले तेव्हा तो टेबलाशी आला. बुजरा मुलगा होता, बाही ओढत उभा राहायचा. म्हणाला, “बाई, आजोबा म्हणतात १६३० च बरोबर. कुठल्याशा शकावलीत आहे म्हणे.” मी म्हटलं, “आजोबा परीक्षेला बसणार नाहीत. बाईंनी सांगितलं ते लिहायचं.” वर्ग हसला. तो जागेवर जाऊन बसला. पुन्हा त्याने वर्षभर टेबलाशी येऊन काही विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि वाचकहो, यातली खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. ‘जेधे शकावली’ मला माहीत होती! बी.ए.ला मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांवर प्रश्न असे, त्यात ‘जेधे शकावली’ वर मी टीप लिहिली होती. कोणी प्रसिद्ध केली, केव्हा केली, महत्त्व काय, सगळं मुद्देसूद. गुणही चांगले पडले होते. पण त्या टिपेचा आणि माझ्या वहीतल्या १६२७ चा काही संबंध असू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. टीप परीक्षेपुरती होती आणि तारीख वर्गापुरती. एका मुलाच्या आजोबांना जे माहीत होतं, ते इतिहास घेऊन पदवी मिळवलेल्या बाईंना माहीत असूनही माहीत नव्हतं.

अर्धा गुण म्हणजे काय मोठंसं, असं कोणी म्हणेल. अर्ध्या गुणाने काही होत नाही. पण त्या दिवशी त्या मुलाने तिसरा रकाना भरला होता. कोण सांगतं, त्याला कसं माहीत, ते तो स्वतःहून सांगायला आला होता. इतिहासाच्या तासाला याहून मोलाचं काय घडतं? आणि मी त्यावर वर्गाला हसवलं.

आपल्याकडे याचा एक वेगळा वारसाही आहे, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट होता. त्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहिला. त्याचं मराठी भाषांतरही लवकरच झालं आणि तेच प्रमाण मानलं जाऊ लागलं. त्या ग्रंथातल्या चुका दाखवणारा निबंध १८६० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यात वाचला तो नीळकंठ जनार्दन कीर्तने या विशीतल्या विद्यार्थ्याने. पुढे वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून माळ्यावरचे, पेटाऱ्यांतले कागद गोळा केले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. म्हणजे ज्याला आपण आपला इतिहास म्हणतो, तो ‘पुस्तकात आहे तेच लिही’ हे न ऐकणाऱ्यांनी उभा केला. आणि आम्ही शिक्षक मुलांना नेमकं तेच सांगत आलो.

हे वाचून ‘मग सगळ्यांनीच मुलं घरी शिकवा’ असा अर्थ काढू नका. मला तसं वाटत नाही. आमच्या घरी आजी आहे, पुस्तकांचं कपाट आहे, कार्ल्याला जायला गाडी आहे. ज्या घरात आईबाप दोघंही पहाटे कामाला जातात, तिथल्या मुलीसाठी शाळेचं दार हेच जगाचं दार आहे. जोतीरावांनी सावित्रीबाईंना आधी घरीच शिकवलं, पण त्या दोघांनी ते शिक्षण घरात ठेवलं नाही, १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सयाजीरावांचं वर सांगितलंच. घरी शिकलेल्याने शाळेकडे पाठ फिरवायची नसते. माझी नातही कदाचित एक-दोन वर्षांत शाळेत परत जाईल. नाही गेली तर दहावीला मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे, नाहीतर आपला १७ नंबरचा फॉर्म आहेच. त्याची मला आता पहिल्यासारखी चिंता वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की वही घरात लिहा की वर्गात लिहा, तिच्यात खोडायला जागा हवी. साठ मुलांच्या वर्गातही तिसरा रकाना आखता आला असता. पट्टी आणि पेन्सिलच लागते त्याला. मला ते सुचलं नाही, याला वर्गाचा आकार जबाबदार नव्हता.

तर त्या दिवशी मी नातीला सगळं सांगितलं. १९७८, सहामाही, अर्धा गुण, वर्गाचं हसणं. तिने मध्ये काही विचारलं नाही, पुस्तक मिटून ऐकतात तशी ऐकत होती. मग उठली, वही आणली आणि विसाव्या शतकाचं पान उघडलं.

“हे कशाला?” मी विचारलं.

“झालंय ना? मग लिहायला नको?”

तिने लिहिलं ते जसंच्या तसं देते. काय झालं : ‘१९७८. आजीने बरोबर उत्तराला फुली मारली.’ कोण सांगतं : ‘आजी.’ त्याला कसं माहीत : ‘तिनेच मारली. स्वतःची चूक स्वतः सांगते आहे, म्हणून बहुतेक खरं. पण तो मुलगा काय म्हणतो ते मिळालं नाही.’

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्या ओळीखाली तिने दोन बोटं जागा मोकळी सोडली आहे. तो मुलगा आता साठीच्या घरात असेल. ओळख पटली तर त्याने जरूर कळवावं. अर्धा गुण आता देऊन उपयोग नाही, पण त्याच्या आजोबांनी ती शकावली कुठे वाचली होती, ते मला विचारायचं आहे.

माझ्या टिपणवहीतलं १६२७ मी खोडलं. लाल पेनाने नाही, साध्या निळ्या. शेजारी १६३० लिहिलं आणि पुढे कंसात ‘जेधे शकावली, शिवभारत’. नात म्हणाली, “आता तुझी वही जरा बरी दिसते.”

असो. आमटीचा डाग कोणाचा, हा आमच्या घरातला वादग्रस्त प्रश्न आहे. त्यावर साधनं अपुरी आहेत.